चौकोनी उगवलेलं रान

वेड्या बाभळीची शेंग गोड असते, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगायचं आहे त्यात गोड असं फारसं काही नाही. पिकली की ती पिवळसर होते, वीतभर लांब आणि टोकाकडे जराशी वाकलेली. दातांनी फोडली तर काकवीत भिजवलेल्या भुशासारखा चिकट गर लागतो आणि त्या गरात एकेका बियेची एकेक डबी असते. डबी टणक. नखाने उघडत नाही, दातांनी उघडायला गेलं तर दात दुखतो. तुरीची शेंग वाळली की तडकते आणि आपलं बी आपण फेकून देते. ही तडकत नाही. सबंध खाली पडते आणि कुणाची तरी वाट बघत राहते. कुणाची, हे मला उदगीरच्या कॉलेजात कळलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्याआधी कुणी शाळेची पायरीसुद्धा नीट चढलेलं नव्हतं.

घर म्हणते खरी, पण आमचं घर म्हणजे मेंढरं. तळ्याच्या वरच्या अंगाला वाडी होती, तिथे कुडाच्या भिंतींच्या दोन खोल्या होत्या आणि पावसाळ्यात आम्ही तिथे राहायचो. पण माझ्या लहानपणातली बरीच वर्षं शेतांमध्ये गेली. सुगी उरकली, रानं मोकळी झाली की मेंढरं शेतात बसवायची. दिवस मावळताना माझे वडील, म्हणजे आबा, आणि माय मिळून वाघर लावायचे. वाघर म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांना ताणून चौकोन करायचा आणि कळप आत घ्यायचा. सकाळपर्यंत तेवढ्या जागेत लेंड्या आणि मुताचा थर बसायचा. दुसऱ्या दिवशी वाघर काढून शेजारी लावायची. असं करत करत सबंध शेत खतवून निघायचं. त्या बदल्यात शेतकरी वर्षाची ज्वारी द्यायचा, आणि उन्हाळ्यात त्याच्या विहिरीवर आमच्या मेंढरांना पाणी. लिहून काही नसायचं. माझ्या पणजोबांपासून आमची मेंढरं गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या, अप्पांच्या घरच्या, तळवटात बसत होती. तळवट हे त्या शेताचं नाव, काळंभोर, उतारावरचं रान.

झोपेतून उठवणारा आवाज म्हणून मला आजही कोंबडा आठवत नाही, मेंढराचं खोकणं आठवतं. पहाटे एक मेंढरू खोकायचं, मग दुसरं, मग सगळा कळप. माय तीन दगडांच्या चुलीवर हुलग्याचं माडगं ढवळत असायची आणि धूर थेट माझ्या डोळ्यांत यायचा, कारण मी उजेडासाठी चुलीच्या तोंडाशी वही घेऊन बसलेली असायचे. आबा म्हणायचे, "गोदे, सरक. वही जळंल न् वर केस बी जळतील." पण सरकायला लावायचे नाहीत. मला दहावी झाल्यावर उदगीरला मावशीकडे ठेवलं तेव्हा लोक आबांना वाटेत थांबवून विचारायचे, पोरगी मेंढरावर पुस्तक लिहिनार का? आबा हसायचे. बाजाराच्या दिवशी ते मावशीच्या दाराशी यायचे, भाकरीचं गाठोडं आणि दुधाचा तांब्या ठेवायचे आणि आत न येता उंबऱ्यावरूनच विचारायचे, "काय शिकलीस या हप्त्यात?" मी काहीतरी सांगायचे. त्यांना कळायचं नाही, पण ते मान हलवायचे आणि ते मी सांगितलेलं वाडीपर्यंत घोकत जायचे. माय सांगायची मला.

नवा जिल्हा झाला तो याच सुमाराचा. लातूरला कचेऱ्या आल्या, एसटीच्या पाट्या बदलल्या, आणि दोन वर्षं पाऊस रुसला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आमच्याकडे लोक तो जोडायचे. म्हणायचे, जिल्हा आला न् पानी गेलं. तळं आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. काठावर मात्र वेडी बाभूळ हिरवीगार होती. काही वर्षांपूर्वी जीपमधून कोणीतरी सरकारी माणसं येऊन तिथे बी टाकून गेली होती. तेवढंच हिरवं आमच्या मुलखात उरलं होतं आणि त्याचाच मला राग यायचा. पाला मेंढरू खात नसे, सावली धड पडत नसे, काटा तेवढा चपलेतून आरपार जायचा.

शिमग्याच्या आधी आमचं प्रात्यक्षिक होतं. सरांनी टेबलावर कागद पसरून शेंगा मांडल्या होत्या, बहावा, शिरीष, पळस, आणि शेवटी दोन शेंगा शेजारी शेजारी, एक शमीची बारीक लोंबती, एक वेड्या बाभळीची. म्हणाले, या दोन्ही एकाच घराण्यातल्या. दोन्ही तडकत नाहीत, दोन्हींत गर आहे, आणि गर आहे तो कुणीतरी खावा म्हणूनच आहे. मग त्यांनी वेड्या बाभळीची डबी कातरीने कापून बी काढलं आणि भिंगाखाली धरलं. तपकिरी, चकचकीत, चपटं. दोन्ही अंगांना घोड्याच्या नालासारखी बारीक रेघ. मी ती रेघ वहीत चार वेळा काढली, चारही वेळा चुकली. सर बोलत होते आणि मी लिहीत होते. ती वही माझ्याकडे आजही आहे. त्यात दोन वाक्यं एकाखाली एक आहेत. पहिलं, शेंगा पौष्टिक असून जनावरांना खाद्य म्हणून उपयोगी. दुसरं, परंतु दळून घालाव्यात, अन्यथा बी न पचता सबंध बाहेर पडते व तेथेच रुजते.

चैतात मी घरी आले तेव्हा मेंढरांच्या पाठीवर हात ठेवला तर लोकरीखाली लाकडं लागत होती. तीन दिवसांत दोन कोकरं गेली. आबा नुसतं तळ्याकडे बघत बसायचे. मी म्हटलं, "आबा, वेड्या बाभळीच्या शेंगा घाला. आमचे सर म्हणाले चांगल्या असतात."

"झाडाला तोंड लावत न्हाईत, शेंग खातील व्हय?"

"शेंग गोड असते."

आबांनी एक चावून बघितली, थुंकली आणि माझ्याकडे बघून हसले. त्या उन्हाळ्यातलं पहिलं हसू. मग मी म्हटलं, "दळून घालायच्या." तर म्हणाले, "लेकी, मान्साला दळायला दाना न्हाई, मेंढराला कुठं दळत बसू?" माय पण हसली. का दळायच्या, ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण ते दोघं हसत होते आणि मला वाटलं, एवढं पोट भरू दे आधी. दुसरं वाक्य मी सांगितलं नाही. पोत्यांनी शेंगा गोळा केल्या आम्ही. माय, मी, रेल्वेच्या रुळाकडेनेसुद्धा. मेंढरं अशी तुटून पडायची की शेंगा चावल्याच्या कडकड आवाजाने पोटात बरं वाटायचं. पंधरा दिवसांत कळप सावरला. आणि रोज संध्याकाळी आम्ही वाघर लावत होतो, अप्पांच्या तळवटात, एक चौकोन, मग त्याच्या शेजारी दुसरा.

मिरगात दोन सरी पडल्या. लोकांनी तेवढ्यावर पेरलं, उगवलं, आणि पाऊस जो गेला तो गेला. श्रावण आला तरी ढग नुसते वरून जात होते. मुगाची पानं मुडपून बसली. ज्वारी गुडघ्यावर येऊन थांबली, मग पिवळी पडली. त्या पिवळ्या रानात तळवट तेवढं हिरवं दिसायला लागलं. लांबून येणारा माणूस म्हणायचा, अप्पाचं रान बघा, देव पावला. जवळ गेल्यावर कळायचं. बोटभर उंच, मग वीतभर, काटा धरलेली रोपं. वेडी बाभूळ.

मी नागपंचमीच्या सुट्टीला वाडीवर आले होते. सकाळीच अप्पांचा निरोप आला, मल्हारीला म्हणावं तळवटात ये. मल्हारी हे माझ्या वडलांचं नाव. मीही मागोमाग गेले. शेताच्या कोपऱ्यावर शमीचं जुनं झाड आहे. अप्पांच्या घरात कानडी बोलत, त्यांच्या तोंडी ते झाड बन्नी. दसऱ्याला सगळं गाव तिथे जमतं, म्हणून बोलाबोली असली तरी तिथेच. पाचसहा माणसं बसली होती. अप्पा बांधावर उभे होते, कपाळाला भस्म, अंगात स्वच्छ बंडी, हातात एक उपटलेलं रोप. मी आल्याचं त्यांनी बघितलं, पण नेहमीसारखं, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, "ये तंगी" म्हणाले नाहीत.

"मल्हाऱ्या, हे काय हाय?"

आयुष्यात त्यांनी माझ्या वडलांना मल्हाऱ्या म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आबा म्हणाले, "वेडी बाभळ हाय, अप्पा."

"हाय ना? मला वाटलं तू कोथिंबीर म्हनशील." कोणीतरी हसलं. अप्पा हसले नाहीत. "माझ्या रानात कुठनं आली?"

"आता काय सांगू. वाऱ्यानं आली आसंल."

"वाऱ्यानं." अप्पांनी हात लांब केला आणि शेतावरून फिरवला. "बघ. इथं एक चौकोन. त्याच्या शेजारी एक. त्याच्या खाली एक. तुझी वाघर जिथं जिथं लावलीस तिथं तिथं उगवून आलंय, वाघरीच्या भाईर एक न्हाई. वारा चौकोनी वाहतो का रे?"

मी बघितलं. खरंच चौकोन होते. कुळवणी, पेरणी होऊनही ते पुसले गेले नव्हते. एकेका रात्रीचा एकेक चौकोन, चैतापासून जेठापर्यंतचा आमचा सगळा उन्हाळा त्या जमिनीवर हिरव्या शाईने काढून ठेवल्यासारखा.

आबांना मात्र ते पटत नव्हतं, आणि न पटण्यात खोटेपणा नव्हता. त्यांना ठाऊकच नव्हतं. ते म्हणाले, "अप्पा, मेंढरू जे खातं ते चघळतं, दोनदा चघळतं. पोटात गेलेलं बी उगवतंय कधी?" वाडीतला कुंडलिक त्यांच्या बाजूने पुढे आला. "बरोबर हाय. मग आपन चिंचोका गिळला तर आपल्याला चिंचा लागाया पायजेत." सगळे हसले, आणि मला जाणवलं की वारं आबांच्या बाजूने फिरतंय. अप्पांनाही ते जाणवलं असावं.

"तुला काय वाटतं, मला कळत न्हाई? शेत पडीक पाडायचं, मंग पडीक रानात मेंढरं चारायची. लई हुशार हायेस. उद्या सकाळच्या गाडीनं लातूरला जातो मी. आता उस्मानाबादला जायचं कारन न्हाई."

हे नव्या जिल्ह्याचं एक होतं. पूर्वी तक्रार घेऊन उस्मानाबादला जायचं तर दोन दिवस मोडायचे, तेवढ्यात राग उतरायचा. आता राग गरम असतानाच माणूस कचेरीच्या दारात पोहोचत होता.

आबांचा आवाज चढला. "पनज्यापासनं बसून राहिलो तुमच्या रानात. तुमचं रान पाडून मी कुठं जाऊ? मी मुद्दाम काटं पेरलं म्हनता?"

"मंग उचल भंडारा."

आमच्यात खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेलं अखेरचं असतं. त्यावर कचेरी नाही, पंच नाही. आबांच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी कायम असायची. अप्पा म्हणाले, "उचल आन् म्हन, हे बी माझ्या मेंढरांनी आनलं न्हाई. म्हनलंस की मी मानतो. तक्रार न्हाई, काही न्हाई. विहीर तुझीच."

विहीर. अप्पांची विहीर सोडली तर दोन कोसांत पाणी नव्हतं. सकाळ-संध्याकाळ आमची मेंढरं त्यांच्या हौदावर पाणी पीत होती म्हणून जिवंत होती. एक चिमूट हळद उचलायची, एक वाक्य बोलायचं, आणि पाणी राहणार. आबांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांच्या मनात काही नव्हतंच विचार करायला. त्यांनी पिशवी सोडली, चिमूट घेतली आणि हात वर नेला.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी खूपदा आठवून बघितलं आहे. सत्य वगैरे काही आलं नाही. आमच्या घरात खोटी शपथ घेतलेल्या एका चुलत आजोबांची गोष्ट सांगत, त्यांचा हात वाळला म्हणून. मला एवढंच दिसलं, आबांचा हात वर चाललाय. मी ओरडले, "आबा, नका उचलू!"

बाईमाणसाने, त्यातही पोरीने मध्ये बोलायची ती जागा नव्हती. अप्पा म्हणाले, "कामून?"

मी अडखळत सांगायला लागले. शेंग, गर, डबी, सर काय म्हणाले ते. कुणाला काही कळत नव्हतं. माझी जीभ वहीतली भाषा बोलत होती. कुंडलिक म्हणाला, "गोदे, मेंढरं तुझ्या बापाची हायेत का त्या सराची?" मग मी बोलायचं सोडून शमीखाली वाकले. झाडाच्या बुडाशी कुळव पोहोचत नाही, तिथे उन्हाळ्यातल्या लेंड्या तशाच वाळून पडल्या होत्या. एक उचलून दगडावर फोडली. नुसता भुसा. दुसरी फोडली. भुसा. कुणीतरी खुदखुदलं, "शिकली पोरगी, लेंड्या फोडाया लागली." तिसरी, चौथी. मी मनातल्या मनात म्हणत होते, नसू दे, कशातच नसू दे, सरांचं खोटं निघू दे. पाचवी फोडली आणि भुशातून ते घरंगळलं. तपकिरी, चकचकीत, कुठेही ओरखडा नाही. मी ते तळहातावर घेऊन आबांना दाखवलं. नालासारखी रेघ स्पष्ट दिसत होती.

आबांनी बघितलं. मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग वर नेलेला हात खाली आणला आणि चिमटीतला भंडारा पुन्हा पिशवीत सोडला, एक कण खाली सांडू न देता.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण एकदा बोलायला लागलेली मी, अप्पांना समजावून सांगायला गेले. म्हटलं, "यात मेंढराचा दोष नाही, या घराण्याची रीतच आहे. ही शमीसुद्धा त्याच घराण्यातली, तिचंही बी..."

"बन्नीला हिच्या पंक्तीला बसवतीस?" अप्पांचा चेहरा भस्मापेक्षा पांढरा झाला. "दसऱ्याला ज्याचं पान आम्ही सोनं म्हनून डोळ्याला लावतो, ते आन् हा काटा एक? एवढंच शिकवतेत का तिथं?" ते आबांकडे वळले. "खोटं बोलला न्हाईस, म्हनून लातूरला जात न्हाई. पन उद्यापासनं हौदावर यायचं न्हाई. आन् तळवटात तुझी वाघर आता माझ्या डोळ्यादेखत लागनार न्हाई."

(इथे एक सांगते. मी पुढे देगलूरच्या शाळेत विज्ञान शिकवून अलीकडेच निवृत्त झाले. मध्यंतरी वाचनात आलं की शास्त्रज्ञांनी हे घराणं मोडलं. शमी एकीकडे ठेवली, वेडी बाभूळ दुसरीकडे काढली, नावसुद्धा बदललं. वाचून मी एकटीच मोठ्याने म्हणाले, अप्पा, तुम्ही जिंकलात. अप्पा जाऊन किती वर्षं झाली होती.)

परत येताना आबा पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेवर ते थांबले, वळले नाहीत. "कधीपासनं ठावं होतं तुला?"

मला आता-आता कळलं, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "शिमग्याच्या आधीपासून."

त्यांच्या पाठीवर काहीतरी पडल्यासारखी ती हलली. "शेंगा घालून राहिलो तवा ठावं होतं?"

"हो."

"तू बोलली न्हाईस. तिथं चारचौघांत बोललीस, घरात बोलली न्हाईस." आणि मग, अजूनही न वळता, "शिकलीस ते ब्येस झालं. आता मेंढराला पानी बी तुझ्या पुस्तकातनंच काढ."

त्यानंतर आबा माझ्याशी बोलले नाहीत. हे मी कथेसाठी लिहीत नाही. ते खरंच बोलले नाहीत. मी भाकर वाढली की खात होते, मी तांब्या पुढे केला की घेत होते, पण माझ्या अंगावरून त्यांची नजर अशी जायची जशी खुंटीवरून जाते. रोज पहाटे ते कळप घेऊन दोन कोसांवरच्या डोहाकडे निघायचे आणि दुपार टळल्यावर यायचे. म्हातारी मेंढरं वाटेत बसायची ती उठायची नाहीत. अप्पांनी हौदाच्या वाटेवर काटे आणून टाकले होते. वेड्या बाभळीच्याच फांद्या होत्या त्या, तळ्यावरून तोडून आणलेल्या. मेंढरं सवयीने तिथवर जायची, काट्यांपाशी थांबायची आणि पाण्याच्या वासाने ओरडायची. तो आवाज वाडीपर्यंत ऐकू यायचा.

मी कॉलेजला गेले नाही. चौथ्या दिवशी खुरपं घेऊन तळवटात गेले आणि पहिल्या चौकोनाच्या कडेला बसले. कुणी सांगितलं नव्हतं. मायही आली. ते रोप वर वीतभर असलं की खाली हातभर असतं. मूळ सरळ खाली जातं, पाणी शोधत, काळ्या भेगाळलेल्या मातीत. पहिल्या दिवशी मी वरूनच तोडत गेले. दिवेलागणीच्या आधी अप्पा आले, उभे राहिले. मला वाटलं, हाकलतात. ते म्हणाले, "खालनं काढ. वरनं तोडलं तर दुप्पट फुटतं. हे सांगितलं न्हाई का तुझ्या सरानं?" आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही खालून काढायला लागलो. बोटांत काटे मोडायचे, पिकायचे, माय रात्रीची हळद भरायची. दिवसाला एक चौकोन धड होत नव्हता. येणारे जाणारे बांधावरून टोमणे मारायचे, कालेज इथंच भरलं म्हना की. आणि अप्पांचा सालगडी आमच्यासमोर मुद्दाम हौद भरून बैलांना पाणी दाखवायचा.

एके दिवशी अप्पांच्या घरच्या अव्वांनी, म्हणजे त्यांच्या मालकिणीने, मला हाताने खुणावलं. त्यांच्या गोठ्यामागे उकिरडा होता. त्या शेणाच्या ढिगावर, आमचं एकही मेंढरू जिथे कधी गेलेलं नव्हतं तिथे, वेडी बाभूळ दाट उगवली होती. आमच्यापेक्षा दाट.

"आमच्या बैलांनी बी त्याच शेंगा खाल्ल्या, यव्वा," अव्वा हळूच म्हणाल्या. "गड्यानं पोतंपोतं आनून घातल्या. ह्यांना मी सांगितलं न्हाई अजून."

न सांगितलेलं वाक्य कसं असतं ते मला माहीत होतं. त्या घरात पुढे काय झालं, अव्वांनी त्यांना सांगितलं किंवा अप्पा स्वतःच उकिरड्याकडे गेले, ते मला कधीच कळलं नाही. पण त्यानंतर सातआठ दिवसांनी हौदाच्या वाटेवरचे काटे एका बाजूला सरकलेले दिसले. सगळे नाही. एका वेळी एक मेंढरू जाईल एवढे. कुणी बोलावलं नाही, कुणी माफ केलं नाही. मायने कळप नेला. आबा स्वतः त्या हौदावर पुन्हा कधी गेले नाहीत, आणि आमची वाघर तळवटात परत कधी लागली नाही. अप्पांनी शब्द पाळला.

दसऱ्यानंतर मायने मला उदगीरच्या गाडीत बसवलं. तळवटातले चौकोन संपले होते, माझं अर्धं वर्ष बुडालं होतं. बाजाराच्या दिवशी भाकरीचं गाठोडं यायचं, पण ते गावातलं कुणीतरी आणून द्यायचं. मावशीच्या उंबऱ्यावरून कुणी विचारत नव्हतं, काय शिकलीस. मी रात्री पुस्तक उघडायचे आणि शिकलेलं सांगायला माणूस नाही म्हणून ते डोक्यात राहायचंच नाही. परीक्षेत जेमतेम पास झाले.

चैतात घरी गेले. पाऊस त्याही वर्षी बेताचाच झाला होता, मेंढरं पुन्हा हाडांवर आली होती, आणि आता ती वाडीपलीकडच्या गायरानात बसत होती, जिथे खताचं मोल नव्हतं आणि ज्वारी देणारं कुणी नव्हतं. पहिल्याच सकाळी मला खोकण्याने नाही, एका धपधप आवाजाने जाग आली. बाहेर आले. अंगणात वेड्या बाभळीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, उन्हाने कडक झालेल्या, हातात घेतल्या की मोडतील अशा. आणि आबा उखळापाशी उभे राहून मुसळाने त्या कांडत होते. मायचं काम ते, बाईचं. गड्यामाणसाने आमच्या वाडीत कधी मुसळ धरलेलं नव्हतं. वाटेने जाणारा कुंडलिक थांबून म्हणाला, "मल्हारी, लुगडं बी नेस की मंग." आबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. कांडत राहिले. बंडी पाठीला चिकटली होती.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. जवळ जावं की नाही कळत नव्हतं. थोड्या वेळाने आबांनी मुसळ टेकवलं, वाकून उखळातली मूठ भरली आणि ती उघडी मूठ माझ्यापुढे धरली. माझ्या तोंडाकडे न बघता, पायांकडे बघत.

"बघ. एखादं साबूत ऱ्हायलंय का?"

आठ महिन्यांनंतरचे शब्द. मी त्यांच्या तळव्यावरचा तो चुरा बोटाने सारखा केला. भुगा, टरफलं, फुटलेल्या डब्या, दोन फाकांत चिरलेलं बी. सगळं बारीक होतं. त्यांनी जीव ओतून कांडलं होतं. हाताला फोड आले होते आणि एक फुटलाही होता. नाही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं त्यांना. पण अंगठ्याच्या बुडाशी, भुग्याखाली, एक होतं. तपकिरी, चकचकीत, नालाच्या रेघेचं.

"एक हाय, आबा," मी म्हटलं.

त्यांनी ते चिमटीत उचललं, डोळ्यांजवळ नेऊन उलटं सुलटं करून बघितलं. मग मूठभर चुऱ्यासकट परत उखळात टाकलं आणि मुसळ उचललं.